क्राकूफला येताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मूळची कोल्हापूरची. नोकरीनिमित्त सहा वर्षं पोलंडमधल्या क्राकूफला राहते. दर उन्हाळ्यात कुणाचा ना कुणाचा फोन येतोच: मामेभाऊ, मैत्रिणीची नणंद, आईच्या भिशीतल्या काकू. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतेय. तिकिटांचे दर आणि उघडण्याच्या वेळा सहसा मुद्दामच दिलेल्या नाहीत. त्या मोसमाप्रमाणे बदलतात, तेव्हा निघण्याआधी त्या त्या ठिकाणच्या संकेतस्थळावर बघून घ्या.

नाव नक्की काय, क्राकोव की क्राकाव?

दोन्ही नाही. क्राकूफ. शेवटचं अक्षर ‘फ’कडे झुकतं. क्राकाव म्हणालात तरी कुणी रागावणार नाही, पण पोलिश वाचनाच्या दोन खुणा लक्षात ठेवल्या तर ट्रामवरच्या पाट्या बऱ्याच सुटतात. पोटात तिरकी रेघ असलेला ‘एल’ दिसला की तो ‘व’ वाचायचा, त्यामुळे इथलं चलन ‘झ्लोटी’ नाही, ‘झ्वोती’. आणि साधा ‘डब्ल्यू’सुद्धा ‘व’च, म्हणून टेकडीवरचा किल्ला ‘वावेल’.

किती दिवस ठेवू?

किमान चार रात्री. यावर मी कुणाशीही भांडायला तयार आहे. बऱ्याच सहलींचा कार्यक्रम असा असतो: प्रागहून बसने रात्री पोहोचायचं, सकाळी ऑशविट्झ (नाझींची मृत्युछावणी, आता स्मारक), दुपारी मिठाची खाण, दुसऱ्या दिवशी बुडापेस्ट. म्हणजे क्राकूफमध्ये झोपायचं आणि क्राकूफ सोडून बाकी सगळं बघायचं. माझ्याकडे येणाऱ्यांना मी असं सांगते: पहिला दिवस जुन्या गावात नुसतं भटकायला, दुसरा वावेल आणि काझिमेशला (जुनी ज्यू वस्ती), तिसरा खाणीला, चौथा ऑशविट्झला. पाचवा मिळाला तर काहीही न ठरवता घालवा.

युद्धात हे शहर पाडलं नव्हतं का?

पाडलं ते वॉर्सा. क्राकूफ वाचलं. जर्मनांनी व्याप्त पोलंडचा कारभार इथून चालवला आणि त्यांचा गव्हर्नर वावेल किल्ल्यावर राहत होता. इमारती उभ्या राहिल्या, माणसं मात्र गेली. त्याबद्दल पुढे येईलच.

इमारती खरंच जुन्या आहेत. ११व्या शतकापासून १६व्या शतकाच्या शेवटापर्यंत ही पोलंडची राजधानी होती. १२४१मध्ये मंगोलांनी गाव जाळलं. १२५७मध्ये इथला ड्यूक, म्हणजे सत्ताधारी सरदार, बोलेस्वाव याने नवी सनद दिली आणि मधोमध एक मोठा चौक, त्यातून सरळ निघणारे रस्ते, अशी आखणी झाली. आज तुम्ही ज्या रस्त्यांवरून चालता, ती बहुतांशी तीच आखणी. १९७८मध्ये युनेस्कोने जागतिक वारसास्थळांची पहिलीवहिली यादी काढली तेव्हा त्यात फक्त १२ नावं होती. क्राकूफचा जुना भाग त्यातला एक आणि शेजारची मिठाची खाण दुसरी.

कधी यावं?

मेचा उत्तरार्ध, जून किंवा सप्टेंबर. जूनमध्ये रात्री पावणेनऊपर्यंत उजेड असतो, दिवस संपता संपत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी आणि अधूनमधून चांगलंच ऊन. डिसेंबरमध्ये नाताळचा बाजार सुंदर असतो, पण दुपारी पावणेचारला सूर्य मावळतो आणि पारा शून्याखाली जातो. आपल्याकडच्या लोकांना थंडीपेक्षा तो अंधारच जास्त खुपतो, असा माझा अनुभव आहे.

डिसेंबरलाच यायचं असेल तर पहिला गुरुवार साधा. त्या दिवशी चौकातल्या पुतळ्यापाशी ‘शोप्का’ मांडतात. येशूजन्माचे हे देखावे पुठ्ठा आणि रंगीत चमकत्या कागदांनी केलेले असतात, आणि त्यांत बेथलेहेमचा गोठा चक्क क्राकूफच्याच चर्चच्या मनोऱ्यांखाली दाखवतात. १९३७पासून त्यांची स्पर्धा होते. किल्ले करणाऱ्या आणि गणपतीची आरास करणाऱ्या घरातल्या माणसाला हा प्रकार समजावून सांगावा लागत नाही.

व्हिसा कुठला? विमान थेट आहे का?

शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा. सगळ्या प्रवासात सर्वात जास्त रात्री पोलंडमध्ये असतील तर पोलंडकडे अर्ज करायचा, नाहीतर जिथे जास्त मुक्काम त्या देशाकडे. प्रवासाच्या ६ महिने आधीपासून अर्ज करता येतो. उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळणं हेच खरं काम, म्हणून लवकर हालचाल करा. विमा किमान ३० हजार युरोंचा लागतो.

मुंबईहून क्राकूफला थेट विमान नाही. आखाती देशांतून किंवा जर्मनीतून बदलून यावं लागतं. दुसरा चांगला रस्ता म्हणजे वॉर्साला उतरून रेल्वेने येणं, वेगवान गाडी साधारण अडीच तास घेते. क्राकूफचा विमानतळ बालित्सेला आहे, तिथून गावातल्या मुख्य स्टेशनात लोकल येते.

युरो चालतात का?

पोलंड युरोपीय संघात आहे, पण चलन झ्वोती. एक झ्वोती म्हणजे वीस ते पंचवीस रुपयांच्या आसपास. कार्ड जवळजवळ सगळीकडे चालतं, अगदी ब्रेडच्या गाड्यावरही. थोडी रोख हवीच असेल तर ‘कांतोर’ अशी पाटी असलेल्या दुकानात बदला, विमानतळावर नको. खरेदी आणि विक्री या दोन दरांत फरक किती, तेवढं बघायचं. दोन आकडे जवळजवळ असतील तर दुकान बरं. एटीएम किंवा कार्डाचं यंत्र “रुपयांत घेऊ का?” असं प्रेमाने विचारेल. नाही म्हणा आणि झ्वोतीच निवडा, कारण त्या प्रेमाची किंमत आपल्याच खात्यातून जाते.

राहायचं कुठे?

जुन्या गावाच्या आत किंवा काझिमेशमध्ये. आतली हॉटेलं महाग आणि शनिवारी रात्री गोंगाटाची. परदेशातून लग्नाआधीची पार्टी करायला आलेली टोळकी रस्त्यावर गात फिरतात. काझिमेशमधून चौकापर्यंत पंधरा-वीस मिनिटं चालत. ज्येष्ठ मंडळी असतील तर आधी लिफ्ट आहे का ते विचारा. जुन्या इमारतींत तिसरा मजला म्हणजे आपल्या चौथ्याच्या उंचीवर, आणि जिना दगडी.

पहिल्याच दिवशी काय बघू?

उत्तरेच्या बाजूने आत शिरा. आधी बार्बिकन लागेल, म्हणजे वेशीच्या पुढे बांधलेला गोल बुरूज. १४९८-९९चा आहे, भिंती तीन मीटर जाड. त्याच्यामागे फ्लोरियान दरवाजा. बाकीचा बहुतेक तट १९व्या शतकाच्या सुरुवातीला पाडला आणि खंदक बुजवून त्या जागी बाग केली. तिला प्लांती म्हणतात. ही बाग जुन्या गावाला सगळीकडून वेढून आहे, साधारण चार किलोमीटरची एक फेरी. चुकलात तर एका दिशेला चालत राहा, कुठूनही निघालात तरी प्लांती लागतेच.

दरवाज्यातून सरळ गेलं की मुख्य चौक, रिनेक. एकेक बाजू सुमारे २०० मीटर. मधोमध सुक्येन्नित्से, कापडाच्या व्यापाऱ्यांची लांबलचक पेठ. १५५५च्या आगीनंतर तिला आजचं रूप मिळालं. खाली आता अंबरचे दागिने आणि लाकडी खेळणी मिळतात. तिथल्या एका कमानीत लोखंडी सुरी टांगलेली आहे, ती शोधा. समोरच्या सेंट मेरी चर्चचे दोन मनोरे उंचीला सारखे नाहीत: एक ८० मीटरच्या वर, दुसरा सत्तरच्या आत. कथा अशी की दोन भाऊ एकेक मनोरा बांधत होते, एकाचा उंच व्हायला लागला म्हणून दुसऱ्याने त्याला भोसकलं, ती ही सुरी.

चौकातला पुतळा आदाम मित्स्क्येविच या कवीचा. क्राकूफची पोरं “आदासखाली भेटू” असं म्हणतात ते इथेच. गंमत म्हणजे हा कवी जिवंतपणी क्राकूफला कधी आलाच नाही. गेल्यानंतर बऱ्याच वर्षांनी, १८९०मध्ये, त्याच्या अस्थी वावेलवर आणून ठेवल्या.

ती तुतारी मधेच का थांबते?

दर तासाला, दिवसरात्र, सेंट मेरीच्या उंच मनोऱ्यावरून एक माणूस तुतारी वाजवतो. चार दिशांच्या चार खिडक्यांतून चार वेळा, आणि प्रत्येक वेळी सूर मधेच तुटतो. इथे त्याला ‘हेइनाव’ म्हणतात. मूळ शब्द हंगेरियन, अर्थ पहाट. वाजवणारे अग्निशमन दलाचे जवान असतात, कारण मनोऱ्यावरच्या पहारेकऱ्याचं मूळ काम आग आणि शत्रू दिसला की इशारा देणं हेच होतं.

सूर का तुटतो? १२४१मध्ये मंगोल आले, पहारेकऱ्याने तुतारी फुंकली आणि ती वाजत असतानाच त्याच्या गळ्यात बाण घुसला, असं प्रत्येक गाइड सांगतो. कथा छान आहे, पण जुन्या बखरींत ती सापडत नाही. ती लोकप्रिय झाली विसाव्या शतकात. शिवाय आजचं चर्च १२४१ नंतरचं आहे. हिरकणीच्या गोष्टीत पुरावा मागत बसत नाही, तसंच इथेही करावं. दुपारी १२चा हेइनाव १९२७पासून पोलंडच्या रेडिओवर लागतो.

माझी शिफारस: दिवसा गर्दीत ऐकाच, पण एकदा रात्री अकरा-बाराला चौकात उभे राहा. दगडावरून पावलांचे आवाज, वर एक छोटी उजेडी खिडकी आणि अर्ध्यावर तुटलेला सूर. वाजवून झालं की वर हात करा. तो बहुतेक वेळा उलटा हात हलवतो.

चर्चमध्ये आत जायलाच हवं का? बाहेरून फोटो काढला तर?

आत जाच. वित स्त्वोश या न्यूरेंबर्गहून आलेल्या शिल्पकाराने १४७७ ते १४८९ अशी बारा वर्षं खपून इथली वेदी कोरली. लिंडन नावाच्या झाडाचं लाकूड, उंची सुमारे १३ मीटर, मधल्या मूर्ती माणसापेक्षा मोठ्या. सकाळी ११:५०ला तिची दारं उघडतात, तेव्हा आत असा. शक्य असेल तर छोटी दुर्बीण न्या. येशूच्या म्हाताऱ्या शिष्यांच्या हातांवरच्या फुगलेल्या शिरा, सुरकुत्या, सुजलेली बोटं बघा. चेहऱ्यांवरचे त्वचारोग इतके हुबेहूब आहेत की डॉक्टरांनी त्यावर अभ्यास केला आहे. युद्धात जर्मनांनी ही वेदी पळवून नेली होती, १९४६मध्ये ती परत आली. रविवारी सकाळी प्रार्थना असते, तेव्हा पर्यटकांनी दुपारी जावं.

लिओनार्दो दा विंचीचं चित्र खरंच इथे आहे?

आहे. चार्तोरिस्की संग्रहालयात, ‘अर्मिन घेतलेली स्त्री’. अर्मिन म्हणजे मुंगसासारखा दिसणारा एक छोटा पांढरा प्राणी. खोलीत अंधार असतो आणि चित्र अपेक्षेपेक्षा लहान वाटतं. पॅरिसमध्ये मोनालिसासमोर जी रेटारेटी चालते, तशी इथे नसते. सोमवारी बंद.

वावेलवर किती वेळ लागतो?

अर्धा दिवस. टेकडीवर जायला आणि किल्ल्याच्या कमानीदार अंगणात फिरायला पैसे पडत नाहीत. आतल्या दालनांची तिकिटं मात्र वेगवेगळी आणि मर्यादित असतात. सगळी घेऊ नका, डोकं भणभणतं. राजवाड्याचं एखादं दालन आणि कॅथेड्रल पुरे.

पोलंडच्या राजांचे राज्याभिषेक कॅथेड्रलमध्ये झाले आणि त्यांच्या समाध्याही इथेच. मनोऱ्यात १५२०ची ‘झिग्मुंत’ घंटा आहे, वजन बारा टनांहून जास्त. ती वाजवायला बारा माणसं लागतात आणि ती फक्त मोठ्या प्रसंगी वाजते. तिथवर जाणारा जिना अरुंद आणि लाकडी, तुळयांखालून वाकून चढावं लागतं. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी खाली थांबावं.

मुलांना किल्ल्यापेक्षा ड्रॅगन आवडतो. टेकडीखालच्या गुहेत एक ड्रॅगन राहायचा, रोज गुरं फस्त करायचा. एका चांभाराच्या पोराने मेंढीच्या कातड्यात गंधक भरून त्याच्यापुढे टाकलं. ड्रॅगनने ते गिळलं, पोटात आग पडली, तो नदीचं पाणी पीत सुटला आणि फुटून मेला. आता नदीकाठी त्याचा धातूचा पुतळा आहे, दर काही मिनिटांनी तोंडातून खरा जाळ काढतो. कॅथेड्रलच्या दाराशी साखळीने बांधलेली मोठी हाडं लटकतात, ती त्या ड्रॅगनची समजतात. प्रत्यक्षात ती व्हेल, मॅमथ अशा प्राण्यांची आहेत.

वावेलवर शंकराचं चक्र आहे असं व्हॉट्सॲपवर वाचलं...

हा प्रश्न येणारच! शंकराने पृथ्वीवर सात ठिकाणी सात दगड फेकले आणि त्यातला एक वावेलच्या अंगणातल्या एका जुन्या प्रार्थनागृहाखाली आहे, अशी समजूत विसाव्या शतकात गूढविद्येच्या नादी लागलेल्या युरोपीय मंडळींत पसरली. लोक अंगणाच्या कोपऱ्यात भिंतीला पाठ टेकवून डोळे मिटून उभे राहायचे, भिंतीचा रंग काळवंडला. किल्ल्याच्या व्यवस्थापनाला हे अजिबात पसंत नाही. आपल्या कुठल्या पुराणात अशी कथा मी तरी ऐकलेली नाही. माझ्या आईने मात्र “आलोच आहोत तर” म्हणत लांबून नमस्कार केला.

मिठाची खाण बघण्यासारखी आहे का? आई-बाबांना झेपेल?

व्येलिच्काची ही खाण क्राकूफपासून १४ किलोमीटर, लोकल गाडी पार खाणीच्या गावात जाते. तेराव्या शतकापासून १९९६पर्यंत इथून मीठ निघत होतं. खालचे बोगदे दोनशेहून जास्त किलोमीटर भरतात, पर्यटकांना त्यातला अगदी छोटा तुकडा दाखवतात.

झेपण्याबद्दल स्पष्ट सांगते. सगळ्या फेरीत सुमारे ८०० पायऱ्या आहेत. सुरुवातीलाच साडेतीनशेच्या वर, लाकडी, गोल गोल खाली. वर येताना लिफ्ट आहे. एकदा गाइडबरोबर खाली गेलात की मधूनच परत फिरणं सोपं नाही. माझे बाबा ६८ वर्षांचे, रोज रंकाळ्याला फेरी मारणारे, त्यांना काही झालं नाही. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाने मात्र आधी खाणीला लिहून विचारावं. आत बारा महिने साधारण १७-१८ अंश असतात, म्हणून मे-जूनमध्येही स्वेटर न्या.

खाली सर्वात सुंदर म्हणजे संत किंगाचं प्रार्थनागृह, जमिनीखाली १०१ मीटरवर. लांबी ५४ मीटर. फरशी, भिंतीवरची चित्रं, वेदी सगळं मिठाचं, झुंबरांचे लोलकसुद्धा मिठाच्या स्फटिकांचे. हे कुणा दरबारी कलाकाराने नाही, खाणकामगारांनीच १८९६पासून पिढ्यांमागून पिढ्या कोरलं. आणि हे मीठ पांढरंशुभ्र नसतं. राखाडी, हिरवट, ग्रॅनाइटसारखं दिसतं. पहिला अर्धा तास बाबा “मीठ कुठाय?” असंच विचारत होते. शेवटी गाइडने भिंत चाटून बघायला सांगितली. बोट लावून जिभेला लावलं, मग चेहरा उजळला.

किंगा ही हंगेरीची राजकन्या, १२५७ची सनद देणाऱ्या त्याच बोलेस्वावची बायको. माहेरच्या खाणीत टाकलेली तिची अंगठी इथल्या पहिल्या मिठाच्या ढेकळात सापडली, अशी कथा आहे. खाणीत घोडेही राबत. शेवटची घोडी २००२मध्ये वर आणली.

ऑशविट्झला मुलांना न्यावं का?

१४ वर्षांखालच्या मुलांना आणू नये असं स्मारकाचंच म्हणणं आहे, आणि मला ते पटतं. क्राकूफपासून सुमारे ७० किलोमीटरवर ओश्वियेंचिम नावाच्या गावाशी हे आहे. तिथे सुमारे ११ लाख माणसं मारली गेली, त्यांतले जवळजवळ १० लाख ज्यू.

प्रवेशासाठी नाव नोंदवून वेळ घ्यावी लागते आणि ती वेळ उन्हाळ्यात आठवडे आधीच संपते. पासपोर्ट जवळ ठेवा. मोठी बॅग आत चालत नाही. गाइडबरोबरची फेरी साडेतीन तासांची, दोन वेगवेगळ्या ठिकाणी, मधे बस. दुसऱ्या ठिकाणी, बिर्केनाऊला, सावली नाही आणि चालणं भरपूर.

एकाच दिवसात हे आणि मिठाची खाण असं जोडपॅकेज सगळीकडे विकतात. घेऊ नका. केसांचे ढीग आणि नावं लिहिलेल्या सुटकेसी बघून आल्यावर तुम्हाला झुंबरं बघायची नसतात. परत आल्यावर संध्याकाळ मोकळी ठेवा. आणि रुळांवर उभं राहून पोझ देऊन फोटो काढू नका, एवढं सांगावं लागतं याचंच वाईट वाटतं.

काझिमेश म्हणजे काय?

१३३५मध्ये वसवलेलं वेगळं गाव, आता क्राकूफचाच भाग. १४९५मध्ये क्राकूफच्या ज्यूंना इथे हलवलं आणि साडेचार शतकं ही त्यांची वस्ती राहिली. युद्धाआधी शहरात साठ हजारांहून अधिक ज्यू होते. १९४१मध्ये त्यांना नदीपलीकडे पोदगूझेच्या वस्तीत कोंडलं, मार्च १९४३मध्ये ती वस्ती संपवली. तिथल्या चौकात आज मोठाल्या रिकाम्या धातूच्या खुर्च्या मांडल्या आहेत, शेजारून ट्राम जाते आणि लोक त्यावर बसून वाट बघतात. जवळच शिंडलरच्या, म्हणजे आपल्या ज्यू कामगारांना वाचवणाऱ्या जर्मन उद्योजकाच्या, कारखान्यातलं संग्रहालय. ते एका माणसाबद्दल कमी आणि जर्मन ताब्यातल्या क्राकूफबद्दल जास्त आहे, तिकीट आधी काढा.

काझिमेशमध्ये रेमू सिनेगॉग आणि त्याचं जुनं दफनस्थान चुकवू नका. थडग्यांवर फुलांऐवजी लहान लहान खडे ठेवलेले दिसतील. पुरुषांनी डोकं झाकायचं. शनिवारी बंद.

आम्ही शाकाहारी. उपाशी राहू का?

नाही, पण डोळे उघडे ठेवा. भारतीय हॉटेलं आहेत, पण पहिल्याच दिवशी पनीर मखनी शोधू नका.

प्येरोगी म्हणजे उकडलेल्या करंज्या. ‘रुस्क्ये’ प्रकारात बटाटा, कांदा आणि ताज्या चीजचं सारण असतं. आता गोम ऐका: वरून परतलेला कांदा घालतात आणि त्या कांद्यात पुष्कळदा डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तुकडे असतात, ‘स्क्फार्की’. दिसायला हुबेहूब करपलेला कांदा. पहिल्या महिन्यात एका खानावळीत मी “किती खमंग तळलाय” म्हणत अर्धी ताटली संपवली होती. तेव्हापासून दोन वाक्यं पाठ: “बेझ म्येंसा” (मांस नको) आणि “बेझ स्क्फारेक” (ते तुकडे नकोत). लोणी घालायला सांगा.

सूपबाबत जपून. पांढरट आंबट झुरेकमध्ये सॉसेज असतंच, लाल बीटच्या बार्श्चमध्ये रस्सा मांसाचा असू शकतो. बटाट्याची धिरडी, ‘प्लात्स्की’, बहुतेक ठिकाणी मिळतात, त्यात अंडं असतं. स्वस्त आणि घरगुती खायचं तर ‘बार म्लेचनी’ शोधा, शब्दशः दुधाचा बार. साध्या खानावळी, हातात ट्रे घेऊन रांगेत उभं राहायचं, दुपारी आजोबा आणि विद्यार्थी एकाच टेबलावर. काझिमेशच्या नवीन चौकातल्या गोल इमारतीच्या खिडक्यांतून झाप्येकांका घ्या: अर्धा लांब पाव, त्यावर मश्रूम आणि चीज.

आणि ओब्वाझानेक! कोपऱ्याकोपऱ्यावर काचेच्या गाड्या दिसतील, त्यात पीळ घातलेली पावाची कडी. भाजण्याआधी ती उकळत्या पाण्यातून काढतात, म्हणून बाहेरून चिवट आणि आतून मऊ. मीठ, तीळ किंवा खसखस लावलेली. सकाळी घ्या, संध्याकाळपर्यंत तिचं लाकूड होतं.

जैन जेवण?

अवघड. कांदा-बटाट्याशिवाय हा देश चालत नाही. स्वयंपाकघर असलेली खोली घ्या आणि थेपले, खाकरे आणा.

ट्राम कशी वापरायची?

जुनं गाव पायीच. बाकीसाठी ट्राम उत्तम. तिकीट यंत्रातून घेतलं म्हणजे काम झालं असं समजू नका, कागदी तिकीट चढल्याबरोबर आतल्या छोट्या पेटीत घालून शिक्का उमटवायचा. मी पहिल्या आठवड्यात कोरं तिकीट अभिमानाने तपासनिसाला दाखवलं आणि दंड भरला. चूक माझीच होती.

रविवारी बाजार करता येईल ना?

बहुतेक रविवारी मोठी दुकानं आणि मॉल कायद्यानेच बंद असतात. हॉटेलं, संग्रहालयं चालू. ‘झाब्का’ नावाची छोटी हिरवी दुकानं गल्लोगल्ली आहेत, त्यातली पुष्कळशी उघडी मिळतात. दूध, केळी, पाव शनिवारीच आणून ठेवा. १ नोव्हेंबरलाही सगळं बंद, पण त्या संध्याकाळी राकोवित्स्की दफनभूमीत जा. हजारो मेणपणत्या पेटवलेल्या असतात आणि घरंच्या घरं थडगी साफ करून शांत उभी असतात.

हिवाळ्यात हवा खराब असते म्हणे?

पूर्वी फार. घरोघरी कोळसा जळायचा. १ सप्टेंबर २०१९पासून शहरात कोळसा आणि लाकूड जाळायला बंदी आहे, त्यामुळे फरक पडला. आजूबाजूच्या गावांतून धूर येतोच. दमा असेल तर जानेवारी टाळा.

एकट्या बाईला सुरक्षित आहे का?

मी रात्री अकराला ट्रामने एकटी घरी येते. चौकाजवळ “या, एक ड्रिंक फुकट” म्हणत बोलावणाऱ्यांच्या मागे पुरुषांनीही जाऊ नये, सकाळी कार्डाचं बिल बघून रडू येतं. लाल सिग्नलला रस्ता ओलांडू नका, गाडी नसली तरी. पोलीस दंड करतात.

पोलंड आणि कोल्हापूरचा काहीतरी संबंध आहे ना?

आहे, आणि इथे कुणी विचारलं की मी खुर्ची ओढून बसते. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत राजवटीने पूर्व पोलंडमधून लाखो लोकांना सैबेरियाकडे नेलं. त्यांतले जे सुटले ते इराणमार्गे बाहेर पडले आणि सुमारे पाच हजार जण, बहुतेक बायका-मुलं, १९४३ ते १९४८ कोल्हापूरजवळ वळिवडेच्या छावणीत राहिले. तिथे त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्यांच्या आठवणीचा स्तंभ आहे, लहानपणी मी त्याच्याभोवती पकडापकडी खेळले आणि त्यावर काय लिहिलंय ते कधी वाचलं नाही. कोल्हापूरचं स्मारक क्राकूफमध्ये नाही, वॉर्सात आहे. तिकडे जाणार असाल तर जरूर बघा.

काही शेवटची सूचना?

नळाचं पाणी पिण्यालायक असतं, बाटली भरून घ्या. आणि स्वच्छतागृहाच्या दारावर पुष्कळदा चित्र किंवा शब्द नसतात, नुसता त्रिकोण किंवा गोल असतो. त्रिकोण पुरुषांचा, गोल बायकांचा. आमचे काका तीन मिनिटं दारासमोर भूमिती करत उभे होते.